दोन खोल्या, सहा भाग आणि न आलेला हशा: कमी पैशांतली विनोदी मालिका

नळस्टॉपकर

गेल्या वर्षी आम्ही सात जणांनी मिळून एक विनोदी मालिका केली. सहा भाग, प्रत्येक भाग अठरा-वीस मिनिटांचा. वाहिनी नाही, निर्माता नाही. पदरचे १,६२,००० रुपये आणि पुण्यात कर्वेनगरमधला माझ्या मावशीचा रिकामा फ्लॅट. जाहिरातीसाठी धागा काढलेला नाही, म्हणून मालिकेचं नाव देत नाही. आता दुसरं पर्व लिहायला घेतलंय आणि पहिल्या वेळी नेमकं काय बिघडलं याचा छडा लावल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलंय.

फ्लॅट फुकट मिळाला म्हणून गोष्टही फ्लॅटमध्येच घडेल अशी लिहिली. निवृत्त वडील, घरून काम करणारा मुलगा आणि घरात एकच टेबल. टेबल कोणाचं, यावर सहा भाग. हा निर्णय बरोबर होता असं मला अजूनही वाटतं. आधी गोष्ट लिहून मग लोकेशन शोधत फिरलो असतो तर निम्मे पैसे तिथेच संपले असते.

बिघडलं ते पुढे. पहिल्या भागात एक प्रसंग आहे. वडील पेन्सिलीने पेपरातलं शब्दकोडं सोडवतायत, शेजारीच मुलाची ऑफिसची मीटिंग चालू आहे. वडील मधूनच विचारतात, 'चार अक्षरी सांग रे.' मुलगा त्याच वेळी मॅनेजरला म्हणतो, 'बघतोय.' वडील बोटांवर मोजतात, चार भरतात, आणि ते चौकटीत लिहून टाकतात. असं चार-पाच वेळा होतं. वाचनाला सगळे लोळले. शूटिंगच्या दिवशी बूम (लांब काठीवरचा माइक) धरणारा मुलगा इतका हसला की दोन टेक त्यात गेले. आणि एडिटला बसलो तर तोच प्रसंग निपचित पडलेला. वाक्यं तीच, नट तेच, पण हसू म्हणून येईना.

आठवडाभर टाइमलाइनकडे बघून एवढं लक्षात आलं: आमचे दोन्ही नट एकांकिका करून आलेले. वाक्य टाकलं की दोघंही क्षणभर थांबतात, कारण तिथे हशा येणार हे अंगात मुरलंय. नाट्यगृहात ती जागा प्रेक्षक भरतात. मोबाइलवर एकटा बघणाऱ्याला ती जागा रिकामी दिसते. कापायला गेलो तर मागचा फ्रिजचा आवाज तुटतो, आणि कट झाकायला ऐकणाऱ्याचा शॉट आम्ही घेतलेलाच नव्हता.

तालमी दोनच दिवस केल्या होत्या. कॅमेरा आपला, कार्ड आपलं, रीटेकला काय पैसे पडतात, सेटवरच बसवू, असा हिशोब. त्या एका प्रसंगाचे २३ टेक झाले. चौदाव्यानंतर दोघांच्याही चेहऱ्यावर काही उरलं नव्हतं.

असं काम केलेलं कोणी इथे असेल तर बोला. नटांना काय सांगायचं? आणि हातात थोडेच पैसे असतील तर ते आधी कुठे घालायचे?

कातरवेळ

एडिटिंग हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या खुर्चीवरून देते.

दुसरा कॅमेरा भाड्याने घ्या. भारी लेन्स नको, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) नको, ड्रोन तर नकोच. जो कॅमेरा आहे त्याच मॉडेलचा आणखी एक, म्हणजे रंग जुळवण्यात रात्री जाणार नाहीत. एक बोलणाऱ्यावर, एक ऐकणाऱ्यावर, दोन्ही एकाच वेळी चालू. एका कॅमेऱ्यावर आधी बापाचा क्लोज (जवळून चेहरा) आणि मग मुलाचा क्लोज घेतलात की दोन्ही वेळची लय वेगळी पडते. शिवाय एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यावर चढलं की कट मारायला जागाच राहत नाही, आणि घरातली माणसं तर सतत एकमेकांच्या वाक्यांवर चढूनच बोलतात! दोन कॅमेरे असले की ते चढणं जसंच्या तसं वापरता येतं.

ही युक्ती जुनी आहे. १९५१ साली अमेरिकेत 'आय लव्ह लूसी' सुरू झाली तेव्हापासून प्रेक्षक समोर बसवून तीन कॅमेऱ्यांवर एकदम चित्रीकरण करायची पद्धत रुळली. कॅमेरे तीन का, तर नट एकदाच मनापासून करणार आणि ते एकदाच सगळ्या बाजूंनी पकडायचं. आणि आठवड्यातले बाकीचे दिवस तिथे काय चालायचं? तालमी. शूटिंग एका संध्याकाळचं. तुम्ही बरोबर उलटं केलंत.

एक तांत्रिक गोष्ट, कारण ही चूक मी दर महिन्याला कोणाच्या तरी फुटेजमध्ये बघते. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइल आणि बरेच कॅमेरे सेकंदाला ३० फ्रेमवर लावून येतात. तसंच ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली शूट केलं तर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात, आणि ते नंतर नीट जात नाहीत. २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. ऑटो बंद. पहिल्या दिवशी लावा आणि त्यावर चिकटपट्टी मारून ठेवा.

ध्वनिवेडा

फ्रिजचा आवाज तुटतो हे वाक्य वाचून राहवलं नाही.

शूटिंग सुरू करताना फ्रिज बंद करायचा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. पॅकअपनंतर घरी निघताना किल्ली घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो, मग तो चालू करायचं राहत नाही. मावशींचं दूध नासलं तर पुढच्या वेळी फ्लॅट मिळणार नाही.

पंखा बंद. घामाची तयारी ठेवा, प्रत्येक टेकनंतर दोन मिनिटं पंखा लावून चेहरे पुसायचे. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या भिंतींवर गोधड्या टांगा. रिकाम्या फ्लॅटमध्ये आवाज घुमतो, आणि घुमणाऱ्या आवाजात हळू म्हटलेलं वाक्य वाया जातं. विनोदात हळू म्हटलेलंच वाक्य बहुतेक वेळा कामाचं असतं. लेपल माइक (अंगावर लावायचा छोटा माइक) सुती कपड्याखाली लावा. नायलॉनच्या साडीखाली लावलात तर नटीच्या प्रत्येक श्वासाला खसखस येते, ती मी दोन रात्री साफ करत बसलोय.

प्रत्येक प्रसंगानंतर सगळ्यांना जागच्या जागी उभं करून एक मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करा. ही तुमच्या प्रश्नाची निम्मी किल्ली आहे. वाक्यांमधली जागा लहान-मोठी करायची असेल तर मध्ये भरायला त्याच खोलीची शांतता लागते. दुसरीकडची चालत नाही, कानाला लगेच कळते.

आणि पुण्याचं वेळापत्रक बघून तारखा घ्या. जुलैपासून नदीकाठी ढोल-ताशा पथकांच्या तालमी सुरू होतात. कर्वेनगर नदीला लागून आहे, संध्याकाळी सहानंतर तुम्हाला एक स्वच्छ वाक्य मिळणार नाही. भंगारवाला आणि भाजीवाला सकाळी. दुपारी एक ते चार मात्र सोसायट्या खरोखर शांत असतात. महत्त्वाचे संवाद त्या तीन तासांत घ्या, जेवण बारालाच उरका. मी गेली नऊ वर्षं कॉलटाइम (सेटवर यायची वेळ) असाच लावतोय.

मधलीसुट्टी

मागून हशा टाकला तर? रिकामी जागा आपोआप भरेल.

कातरवेळ

मधलीसुट्टी, टाकून बघितलंय, एका ग्राहकाच्या हट्टापायी. विकतच्या हशाची लांबी ठरलेली असते आणि नटाने सोडलेली जागा वेगळीच असते. एक तर हशा मध्येच तुटतो, नाहीतर पुढच्या वाक्यावर सांडतो. आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मला हसू आलं नाही तिथे ही कोण माणसं हसतायत? जे हसले असते तेही गप्प होतात.

विंगेतून

मी नटी नाही. तीस वर्षं प्रायोगिक नाटकांत विंगेत उभी राहिले. प्रॉम्प्टिंग, वेशभूषा, प्रॉपर्टी (प्रसंगात लागणाऱ्या वस्तू), पडेल ते काम. हशा कुठे येतो, कुठे विरतो, एवढं एकच गेली तीस वर्षं ऐकत आलेय, म्हणून चार शब्द.

नळस्टॉपकर, एकांकिकावाल्या पोरांना दोष देऊ नका. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात कॉलेजची मुलं तासाभराच्या आतल्या एकांकिकेसाठी दोन-दोन महिने रात्री जागतात. पैसे नसताना काम कसं उभं करायचं हे ह्या गावाला त्या मुलांनी शिकवलंय. तुम्ही त्यांचं थांबणं घेतलंत आणि त्यांच्या तालमी मात्र घेतल्या नाहीत.

आता थांबण्याबद्दल. रंगमंचावरचं थांबणं प्रेक्षकासाठी असतं. कॅमेऱ्यासमोरचं थांबणं त्या पात्राचं स्वतःचं असलं पाहिजे. 'थांबू नकोस' असं नटाला सांगून उपयोग नाही, तो घाईत बोलेल आणि ते जास्त वाईट. त्याच्या हाताला काम द्या. माझ्या डोळ्यांसमोर एक तालीम आहे, सुदर्शन रंगमंचावरची. आई आणि लेक बोलतायत, संवाद चांगले, पण प्रसंग उठेना. दिग्दर्शकाने आईच्या पुढ्यात कोथिंबिरीची खरी जुडी ठेवली आणि सांगितलं, निवडत राहा. लेक काहीबाही बोलतेय, आई निवडतेय, देठ एकीकडे, पानं एकीकडे. मग लेक सहज म्हणते की मी भाड्याने घर बघितलंय. आईचा हात अर्ध्यावर थांबला. मग तिने निवडलेली पानं देठांत टाकली. एक शब्द नाही. आम्ही विंगेत तोंडावर पदर धरून हसत होतो आणि गळाही दाटला होता.

तुमच्या वडिलांच्या हातात पेन्सिल आहेच. त्या पेन्सिलीच्या किती तालमी केल्यात? वाक्यांच्या केल्या असतील.

तालमीला काय लागतं? एक खोली, चहा, आणि माणसांचा वेळ. दहा दिवस तालीम घ्या. सहाव्या दिवशी ओळखीतली दहा-बारा माणसं जमिनीवर सतरंजीवर बसवा आणि प्रसंग सलग करून दाखवा. तुम्ही स्वतः नटांकडे बघायचंच नाही, बसलेल्यांकडे बघायचं. कोण कधी हसलं, कोणी मोबाइल काढला, संहितेच्या कडेला खूण करायची. सातव्या दिवशी त्या खुणांवर काम करायचं. हशा आला तिथे पात्राला काम द्या, म्हणजे जागा भरलेली राहील. हशा आला नाही तिथे वाक्य काढून टाका, कितीही लाडकं असलं तरी.

पदरमोड

विंगेतून ताईंचं सगळं पटलं, एक सोडून. 'माणसांचा वेळ' हा खर्च नाही असं वाचणाऱ्याला वाटू शकतं. मी अभिनय करतो, दिवसा बँकेत असतो. दहा दिवसांची तालीम म्हणजे माझ्या दहा संध्याकाळी, वारज्याहून पेट्रोल, आणि घरच्यांचा दहा वेळा विचारलेला प्रश्न. एका वेब मालिकेत मी अकरा दिवस काम केलं. 'एक्स्पोजर मिळेल, पुढे बघू' असं सांगितलं होतं. पुढे कोणी फोनही उचलला नाही, आणि मला फुटेजचा तुकडासुद्धा मिळाला नाही. तेव्हापासून मी तोंडी शब्दावर काम करत नाही.

आकडा लहान असू दे. तालमीच्या दिवसाचे दोनशे, शूटिंगच्या दिवसाचे हजार, जे झेपेल ते. पण सगळ्यांना सारखं, आधी ठरवलेलं आणि एका कागदावर लिहून सही केलेलं. उत्पन्न आलं तर वाटणी कशी, हेही त्याच कागदावर. कलाकाराला त्याच्या कामाची क्लिप द्यायची, हेही.

नळस्टॉपकर

पदरमोड, मान्य. आमच्या १,६२,००० मधले ५८,००० एका लेन्स सेटच्या आणि लाइटच्या भाड्यात गेले. नटांना मिळून गेले १५,०००, आणि जेवणखाण. आता ते आकडे शेजारी ठेवून बघताना फार वाईट वाटतं. ज्या लाइटसाठी एवढे मोजले त्याच्यासारखाच उजेड आम्ही शेवटच्या दोन भागांत बाल्कनीचा सूर्य आणि दोन थर्माकोल शीट लावून आणला होता. दोन्ही शीट मिळून तीनशे रुपयांच्या आत.

रविवारपेठी

थर्माकोलवरून आठवलं. फर्निचर आणि प्रॉपर्टी विकत घेणार असाल तर आधी जुन्या बाजारात चक्कर मारा, बुधवारी आणि रविवारी भरतो. घासाघीस करायला सोबत कोणीतरी न्या. निवृत्त माणसाचं टेबल तिथे मिळेल तसं कुठल्याच शोरूममध्ये मिळणार नाही, त्यावर आधीच कोणाच्या तरी कपाचे डाग असतात. वायरी, होल्डर, बल्ब यांसाठी तपकीर गल्ली.

भोसरीचा

एक मागणी करतो. पुण्यातली विनोदी मालिका म्हटलं की तोच वाडा, त्याच पाट्या, तेच पेठेतले काका. आम्ही भोसरीत राहतो. आमच्याकडे पहिली पाळी सुटताना कंपनीच्या गेटवरच्या टपरीवर सोलापूरचा, नांदेडचा, बिहारचा आणि खेडचा माणूस एकाच कटिंगवर बोलत असतो. ती मराठी कोणी लिहीत नाही. आणि टपरी हे तुमच्या फ्लॅटइतकंच स्वस्त लोकेशन आहे. टपरीवाल्याच्या दोन तासांच्या धंद्याचे पैसे दिले की तो स्वतः उभा राहून गर्दी सांभाळतो. पेठेत वाढला नसाल तर पेठेची भाषा उसनी आणू नका, ती पहिल्या मिनिटात कळते.

नळस्टॉपकर

भोसरीचा, माझे वडील पिंपरीत कारखान्यात होते. मालिकेतले वडील मी कारकून केले, कारण कारकून 'विनोदी' वाटतो असं कुठेतरी डोक्यात होतं. तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून दुसऱ्या पर्वातल्या वडिलांना पुन्हा कारखान्यात पाठवायचं म्हणतोय.

प्रताधिकार

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून थोडक्यात.

मोबाइलची रिंगटोन म्हणून, टीव्हीत चालू असलेलं म्हणून किंवा पात्र गुणगुणतं म्हणून सिनेमाचं गाणं वापरू नका. यूट्यूबची यंत्रणा काही सेकंदही ओळखते आणि त्या भागाचं उत्पन्न हक्कदाराकडे वळू शकतं. उत्पन्न म्हणजे तरी काय, तर जाहिरातींच्या वाटणीसाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघणं एवढं आधी व्हावं लागतं. त्यामुळे पहिल्या पर्वाच्या खर्चात ह्या पैशांची जमा धरूच नका.

दुसरं, लेखनाबद्दल. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले. म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या हयातीत छापलेल्या चिमणरावाच्या कथांवर कोणीही, कोणाला पैसे न देता, नवीन मालिका लिहू शकतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि राम गणेश गडकरी यांचं विनोदी लेखन तर कधीच मोकळं झालंय. अत्रे १९६९ ला गेले, त्यांच्यासाठी २०३० उजाडावं लागेल. पु. लं.चं लेखन २०६० संपेपर्यंत परवानगीशिवाय घेता येणार नाही, मग ते कितीही पाठ असलं तरी. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी केलेल्या चिमणराव-गुंड्याभाऊंची पटकथा, संगीत हे वेगळं काम आहे, त्याचे हक्क वेगळे. मूळ पुस्तक उघडा, मालिका बघून लिहू नका.

मावशींचा फ्लॅट असला तरी जिना, लिफ्ट, पार्किंग वापरणार असाल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

विंगेतून

चिमणरावांच्या कथा मोकळ्या झाल्या हे मला माहीत नव्हतं. फार आनंद झाला. त्या घरात माणसं किती आहेत बघा, आणि प्रत्येकाला स्वतःचं मत आहे. दोन खोल्यांत बसणारं साहित्य आहे हे.

नळस्टॉपकर

पाच आठवड्यांनी लिहितोय. तुमच्या सूचना वापरून काय झालं, त्याचा वृत्तांत.

दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग लिहून तयार आहे, पण त्याआधी जुना शब्दकोड्याचा प्रसंग पुन्हा बसवायला घेतला. तो सुटल्याशिवाय चैन पडत नव्हतं. आठ संध्याकाळी तालीम केली. कागद केला, सगळ्यांनी सह्या केल्या, तालमीचे प्रत्येकी दोनशे त्याच दिवशी दिले. सहाव्या दिवशी मावशीच्या हॉलमध्ये अकरा माणसं सतरंजीवर बसली. त्यात समोरच्या ब्लॉकमधल्या एक आजी आणि त्यांचा नववीतला नातू होता. मी नटांकडे पाठ करून बसलो. फार अवघड गेलं, मान सारखी वळत होती.

'बघतोय' ह्या शब्दावर कोणी हसलं नाही. फक्त नातू थोडंसं. मी खूण केली आणि आतून खचलो. मग मुलगा मॅनेजरला म्हणतो, 'नाही सर, अजून झालेलं नाही.' त्या वाक्याला संहितेत काहीच नव्हतं, नुसता दुवा होता. पण तालमीत पाचव्या दिवशी वडिलांचं काम करणाऱ्या नटांनी आपणहून एक गोष्ट सुरू केली होती: त्या वाक्यावर ते शर्टच्या खिशातून खोडरबर काढायचे, 'बघतोय' खोडायचे आणि कागदावरचा चुरा तळहाताने नीट गोळा करून मुलाच्या कपाच्या बशीत टाकायचे. पोराकडे बघायचेही नाहीत. आजी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाकीचे त्यांच्यामागोमाग. चुरा गोळा होईपर्यंत हशा चालला, आणि तेवढाच वेळ त्यांच्या हाताला काम होतं. एकही जागा रिकामी राहिली नाही.

मी मान वळवून बघितलं तेव्हा मुलाचं काम करणारा नट बशीकडे बघत होता. ती नजर कुठेही लिहिलेली नव्हती. दुसरा कॅमेरा तिच्यासाठीच घेतोय.

पाचपैकी तीन शब्द काढले. प्रसंग चार मिनिटांवरून अडीचवर आला. लेन्सचं भाडं रद्द केलं, त्यातून तालमीचे पैसे निघाले. शूटिंग जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पथकं नदीवर यायच्या आत. ध्वनिवेडा, तुम्ही एक दिवस येताय ना? मानधन कागदावर टाकलंय. जेवण बाराला आहे, आणि एक वाजता पहिला शॉट खोडरबराचा लावलाय.

ध्वनिवेडा

येतोय. माझ्या घरच्या तीन गोधड्या आणतो. वडिलांना सुती शर्ट द्या, आणि खोडरबराचा आवाज मी वेगळा घेईन, त्याच कागदावर, त्याच टेबलावर.